मामा तलावाचा पाणकर आणि पुण्यातला सुपरकॉम्प्युटर: एकच यंत्र शेकडो जण कसं वापरतात?

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला मामा तलाव म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. इथला मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची पहिली अक्षरं. इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करणारे ते मालगुजार आणि त्यांच्या ताब्यातले हे तलाव. बांधले मात्र बरेचसे त्याच्याही आधी, कोहळी समाजातल्या जाणकार माणसांनी. नवेगाव बांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात.

पण आपला विषय तलाव नाही, त्या तलावावरचा एक माणूस आहे. पाणकर.

रोवणी झाली, पावसानं दडी मारली की सगळ्यांच्या बांध्यांना एकाच वेळी पाणी हवं असतं. तलाव एक, बांध्या शेकडो. ज्याची बांधी तलावाला खेटून आहे त्यानं रात्री गुपचूप पाणी वळवलं तर शेवटच्या टोकाच्या माणसाचं धान वाळतं. म्हणून पाणी वाटायला माणूस नेमलेला असायचा. कोणाची पाळी कधी, किती वेळ, हे तो बघायचा.

आता हेच चित्र पुण्यात उभं करा, फक्त पाण्याच्या जागी गणितं ठेवा.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथं जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ नावाचा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ आला. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. मे २०२५ मध्ये देशानं ६ किलोमीटरच्या चौकोनांत हवामानाचा अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू केली. त्याआधी हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. म्हणजे आमगाव आणि सालेकसा यांना वेगवेगळा अंदाज मिळायची शक्यता वाढली, ती अशा यंत्रांमुळं. जवळच आयसर पुणे इथं ‘परम ब्रह्म’ आहे. आयुकाचा ‘सारथी’ गुरुत्वीय लहरींचा डेटा चाळतो. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० वेगवान यंत्रांच्या यादीत ६३ व्या नंबरवर होता.

हे सगळं सुरू झालं ते अमेरिकेनं हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यामुळं. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. पुढं २०१५ मध्ये ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं आणि अशी यंत्रं देशभरच्या संस्थांमध्ये बसू लागली.

आता एक गंमत. सुपरकॉम्प्युटर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक अजस्र डबा येतो. प्रत्यक्षात तसं काही नसतं. फ्रिजच्या उंचीच्या कपाटांत शेकडो वेगवेगळे कॉम्प्युटर रचलेले असतात आणि ते अतिशय वेगवान केबलनं एकमेकांना जोडलेले असतात. या जुळणीला म्हणतात क्लस्टर. त्यातल्या एकेका कॉम्प्युटरला म्हणतात नोड. एका नोडमध्ये समजा ४८ कोअर, म्हणजे एकाच वेळी गणितं करणारे ४८ मजूर.

आणि हे वापरतं कोण? एकटा शास्त्रज्ञ नाही, शेकडो जण. कोणी औषधाचा रेणू बघतंय, कोणी कृष्णविवर, कोणी मान्सून.

समजा, अर्जुनी मोरगावकडची एक मुलगी पुण्यात पीएचडी करते. विषय धानाचा. तिच्याकडं २०० देशी वाणांचा डेटा आहे. धानाच्या जीनोममध्ये साधारण ३९ कोटी अक्षरं असतात. डीएनए वाचणारं यंत्र ती सलग देत नाही, शे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे देतं. प्रत्येक तुकडा मूळ जीनोममध्ये कुठं बसतो ते शोधायचं. एका वाणाला लॅपटॉपवर दहा तास लागतात असं धरू. २०० वाणांना २,००० तास, म्हणजे रात्रंदिवस चालवला तरी ८३ दिवस. तेवढ्यात लॅपटॉपचा पंखाच बसेल.

म्हणून तिला क्लस्टरचं अकाउंट मिळतं. इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण पहिल्याच दिवशी ती ज्या चुका करू शकते त्या जवळजवळ सगळेच करतात.

अकाउंट उघडलं की आपण पोहोचतो लॉगिन नोडवर. ही म्हणजे घराची ओसरी. इथं फाइल ठेवायची, प्रोग्राम दुरुस्त करायचा आणि कामाची चिठ्ठी लावायची. पण नवख्याला वाटतं हाच सुपरकॉम्प्युटर. तो तिथंच आपलं दहा तासांचं काम चालू करतो. परिणाम काय? बाकीच्या शंभर लोकांना साधी फाइल उघडायला मिनिटभर लागतं. ओसरीवर कोणी मळणी यंत्र आणून लावलं तर घरातल्यांचं जे होईल तेच. बहुतेक ठिकाणी असं काम यंत्रणा स्वतःच मारून टाकते किंवा ॲडमिनची मेल येते. ती मेल वाचून घाबरायचं नसतं, पण दुसऱ्यांदा यायला नको.

मग खरं काम कुठं चालतं? आतल्या नोडवर. तिथं थेट जाता येत नाही. चिठ्ठी द्यावी लागते: मला इतके कोअर हवेत, इतकी मेमरी हवी, इतका वेळ हवा. ही चिठ्ठी घेणारा प्रोग्राम म्हणजे आपला पाणकर. त्याला म्हणतात शेड्युलर. मिशनच्या परम यंत्रांवर आणि जगातल्या बऱ्याच मोठ्या यंत्रांवर ‘स्लर्म’ नावाचा शेड्युलर चालतो.

हा पाणकर नुसता रांगेनं नंबर देत नाही. तो वहीत बघतो, या माणसानं गेल्या काही दिवसांत किती वापरलं? जास्त वापरलं असेल तर त्याचा नवा अर्ज थोडा मागं सरकतो. कमी वापरणाऱ्याचा पुढं येतो. याला ‘फेअर शेअर’ म्हणतात. त्यामुळं ‘मी सकाळपासून उभा आहे आणि हा आत्ता आलेला आत गेला’ अशी तक्रार करण्यात अर्थ नसतो. गेला आठवडा तुम्हीच पाणी घेतलंत, बाबा.

आता चिठ्ठीत काय लिहायचं, यावर थोडं थांबू, कारण सगळी मेख इथं आहे.

आपल्या धानवाल्या मुलीला वाटतं, ४८ कोअर आहेत ना, मग ४८ मागू, काम ४८ पट लवकर होईल. होत नाही. कुठल्याही प्रोग्राममध्ये काही भाग असा असतो जो वाटता येत नाही. भाताचं बघा. रोवायला वीस बाया लावल्या तर रोवणी लवकर होईल, पण पऱ्हे उगवायचे दिवस त्यानं कमी होत नाहीत. हा हिशेब जीन ॲमडाल या कॉम्प्युटर तज्ज्ञानं १९६७ मध्ये मांडला, त्याला ॲमडालचा नियम म्हणतात. प्रोग्रामचा फक्त १० टक्के भाग न वाटता येणारा असेल, तरी कितीही कोअर लावा, वेग दहापटीच्या वर जात नाही.

आकडे मांडू. दहा तासांचं काम, १० टक्के भाग न वाटता येणारा. ४ कोअर दिले तर सव्वातीन तास लागतात. १६ दिले तर साधारण १ तास ३४ मिनिटं. ४८ दिले तर १ तास ११ मिनिटं. म्हणजे १६ वरून ४८ वर उडी मारून वाचली जेमतेम २२-२३ मिनिटं, आणि त्यासाठी ३२ जादा कोअर तासाहून जास्त वेळ अडकले. ते बहुतांश वेळ हातावर हात धरून बसलेले.

पण तिच्याकडं एक काम नाही, २०० सुटी कामं आहेत. एका वाणाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग ४८ कोअरच्या एकाच नोडवर ४-४ कोअरची बारा कामं शेजारी शेजारी बसतात, मेमरी पुरत असेल तर. बारा-बाराच्या सतरा पाळ्या, प्रत्येकी सव्वातीन तास, म्हणजे साधारण ५५ तास. आणि हेच तिनं एकेका वाणाला अख्खा नोड देऊन केलं असतं तर? २३७ तासांच्या वर. सव्वादोन दिवस की दहा दिवस, यंत्र तेच! कमी मागितल्यामुळं काम चौपट लवकर. शेड्युलरला ‘ही एकसारखी २०० कामं आहेत’ असं एकाच चिठ्ठीत सांगायची सोय असते, तिला जॉब ॲरे म्हणतात. दोनशे वेगळ्या चिठ्ठ्या लावून पाणकराचं डोकं उठवायची गरज नाही.

मेमरीचंही तसंच. नोडमध्ये समजा १९२ जीबी मेमरी आहे. एकानं एकच कोअर मागितला, पण मेमरी ‘असू दे’ म्हणून सगळी मागितली. मग उरलेले ४७ कोअर मोकळे दिसतात, पण कोणालाच देता येत नाहीत. जेवणाच्या पंगतीत एकानं अख्खा वरणाचा टोप पुढ्यात ओढून घ्यावा तसं.

बरं, वेळ किती मागायचा? नवशिक्याचा हिशेब असा: वेळ संपली की शेड्युलर काम मारून टाकतो, मग जास्तीत जास्त मागून ठेवू. सव्वातीन तासांच्या कामाला चोवीस तास. यात नुकसान दुसऱ्याचं होतं की नाही ते नंतर बघू, आधी स्वतःचंच होतं.

नागपूरहून गोंदियाकडं निघालेल्या गाडीचं उदाहरण घ्या. एका सीटचं रिझर्व्हेशन गोंदियापासून पुढचं आहे. तोवर ती सीट रिकामी. तुमसर रोडला उतरणारा माणूस तिथं बिनधास्त बसतो, कोणाचं काही बिघडत नाही. रायपूरला जाणाऱ्याला मात्र तिथं बसवता येत नाही. शेड्युलर अगदी हेच करतो. संध्याकाळी सहा वाजता कोणाच्या तरी मोठ्या कामाला वीस नोड द्यायचे आहेत. त्यातले पाच आत्ताच, दुपारी बाराला, मोकळे झालेत. पाणकर बघतो, सहाच्या आत संपणारं छोटं काम कोणाकडं आहे? ज्यानं चार तास लिहिलेत तो लगेच आत जातो. ज्यानं चोवीस लिहिलेत तो रांगेतच राहतो, भले त्याचं काम खरं सव्वातीन तासांचंच असेल. या युक्तीला बॅकफिल म्हणतात. म्हणून आधी एका वाणावर काम चालवून बघायचं, किती वेळ आणि किती मेमरी लागली ते मोजायचं, त्यावर थोडी भर घालायची आणि मगच बाकीच्या १९९ ची चिठ्ठी लावायची. बहुतेक क्लस्टरवर काम संपल्यावर हे आकडे बघायची सोय असते. बघणारे फार कमी.

कोअर आणि वेळ झाला. आता सगळ्यात जास्त रडारड जिथं होते ते: डिस्क.

क्लस्टरवर साधारण दोन जागा मिळतात. एक ‘होम’, म्हणजे आपलं कपाट. लहान, पण टिकाऊ. दुसरी ‘स्क्रॅच’, म्हणजे खळं. मोठं, वेगवान, काम चालू असेपर्यंतच वापरायचं. खळ्यावर धान वर्षभर ठेवत नाहीत. स्क्रॅचवरच्या जुन्या फाइल ठरलेल्या मुदतीनंतर काढून टाकायचा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि त्यांचा बॅकअप नसतो. हे अकाउंट मिळताना लिहून दिलेलं असतं. वाचतं कोण?

आणि यंत्रणा सांभाळणाऱ्यांकडूनही चुका होतात. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात जुन्या लॉग फाइल साफ करणारा प्रोग्राम चालू असतानाच त्यात बदल केला गेला आणि तो नको त्या फाइल पुसत सुटला. १४ ते १६ डिसेंबर या काळात ७७ टेराबाइट डेटा गेला. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइल, १४ संशोधन गटांच्या. चूक यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीची होती, तिनं ती कबूलही केली. पण चार गटांचा डेटा परत आणता आलाच नाही. ज्यांनी आपली प्रत दुसरीकडं ठेवली होती ते सुटले.

डिस्कचा आणखी एक मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. फाइल किती मोठी यापेक्षा फाइल किती आहेत यानं मोठ्या यंत्रणा जास्त दमतात. प्रत्येक फाइल कुठं आहे याची नोंद ठेवणारा एक वेगळा सर्व्हर असतो. कोणी दहा लाख बारक्या फाइल तयार करून उघड-बंद करत बसला की त्या नोंदवहीपाशी गर्दी होते आणि हवामानवाल्याची एकच मोठी फाइलसुद्धा अडकते. धान पोत्यात भरून ठेवा, दाणा-दाणा नको. बारक्या फाइल एकत्र बांधून ठेवायची साधनं पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहेत.

पासवर्डचं काय? ‘अरे, तुझं अकाउंट दे ना जरा, माझं अजून आलं नाही.’ लॅबमध्ये हे वाक्य ऐकू येतंच. मे २०२० मध्ये युरोपातले अनेक सुपरकॉम्प्युटर बंद ठेवावे लागले, त्यात एडिनबराचा ‘आर्चर’ही होता. कोविडवरचं संशोधन जोरात चालू असतानाचा तो काळ. हल्लेखोरांनी फार मोठं कुलूप फोडलं नव्हतं. संशोधकांची चोरलेली लॉगिनची माहिती वापरून ते आत शिरले होते. एका संस्थेत ज्याचं अकाउंट त्याचं दुसरीकडंही असतं, त्यामुळं आग या घरातून त्या घरात गेली.

कधी चोर घरातलाच निघतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये हार्वर्डच्या ‘ओडिसी’ क्लस्टरवर कोणीतरी डोजकॉइन नावाचं आभासी चलन काढताना सापडला. त्याचा संशोधनाच्या यंत्रांवरचा प्रवेश कायमचा बंद झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियातल्या सारोव्ह इथल्या अणुसंशोधन केंद्रातल्या काही कर्मचाऱ्यांना तिथल्या सुपरकॉम्प्युटरवर असंच चलन काढायचा प्रयत्न केल्याबद्दल ताब्यात घेतलं गेलं. वीज सरकारची, यंत्र सरकारचं, नफा आपला. या लोकांची गंमत वाटते, पण ४८ कोअर अडवून एक वापरणारा संशोधक त्याच वीजबिलात भर घालत असतो. फरक हेतूचा आहे आणि तो मोठा आहे, हे मान्य.

‘भाऊ, हे सगळं ठीक, पण आमचा काय संबंध?’ असं कोणी म्हणेल. संबंध येतोय. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं १०,३७१.९२ कोटींच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली. त्यात १० हजारांहून जास्त जीपीयू उभे करून ते स्टार्टअप, संशोधक आणि विद्यार्थ्यांना वापरायला द्यायचं ठरलं. जीपीयू म्हणजे एआयचं काम ओढणारे प्रोसेसर, आणि ते कोअरपेक्षा कितीतरी महाग. नोटबुक उघडून जीपीयू घ्यायचा आणि चहाला जायचं, परत येईपर्यंत तो नुसता अडकून पडलेला, ही सवय आत्ताच मोडलेली बरी. गोंदियाच्या कॉलेजातला पोरगा उद्या झाडीबोली ओळखणारं ॲप बनवायला जीपीयूसाठी अर्ज करेल, तेव्हा त्याच्या पुढं रांगेत कोण आणि कसं उभं आहे यावर त्याचं काम ठरणार आहे.

मामा तलावांचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मोठे पाटबंधारे खात्याकडं, लहान जिल्हा परिषदेकडं. मालकी बदलली ते चांगलंच झालं, मालगुजारीबद्दल हळहळायचं कारण नाही. पण पाळीची वही, गाळ काढायचं काम, पाळ बघायची जबाबदारी, यातलं बरंच मध्येच सुटलं. बऱ्याच तलावांत गाळ साचला, बेशरम माजली, कडेनं अतिक्रमण आलं. पाणी साठायची जागाच कमी झाली.

क्लस्टरवरचा गाळ म्हणजे सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या फाइल. पीएचडी झाली, मुलगा परदेशी गेला, त्याचे काही टेराबाइट तसेच पडून. ते कोणाचे, हवेत की नकोत, हे सांगणारं कोणी नाही आणि पुसायची हिंमतही कोणाला होत नाही. म्हणून जाताना प्राध्यापकांशी बसून काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवून जायचं आणि निबंध छापताना ज्या यंत्रावर काम केलं त्याचा उल्लेख करायचा. हा उल्लेख शोभेचा नसतो. कोणत्या यंत्रानं किती संशोधन दिलं, हे निधी मागताना त्यावरूनच दाखवता येतं.

आपल्या धानवाल्या मुलीचं काय झालं असतं? तिनं ४-४ कोअरची २०० कामं लावली असती, प्रत्येकाला चार तास. काही दुपारीच बॅकफिलमध्ये आत शिरली असती, काही रात्री. मध्ये एखादा नोड बंद पडला असता, कारण शेकडो नोड असले की एखादा पडतोच. तिची बारा कामं गेली असती, ती तेवढीच पुन्हा लावली असती. अख्ख्या २०० वाणांचं मिळून एकच लांबलचक काम केलं असतं, तर मात्र पहिल्यापासून सुरुवात. तसं लांब काम करावंच लागलं तर दर तासाला आतापर्यंतचा हिशेब फाइलमध्ये लिहून ठेवायचा असतो, त्याला चेकपॉइंट म्हणतात. आणि अडकलंच काही, तर ॲडमिनला ‘सर, चालत नाहीये’ एवढीच मेल टाकायची नाही. कामाचा नंबर, वापरलेली चिठ्ठी आणि स्क्रीनवर आलेली चूक जशीच्या तशी पाठवायची. शेकडो लोकांच्या मेल वाचणारा तो माणूस ती आधी उघडतो.